पाळीचं दुखणं : व्यायाम, शेक, गोळी आणि ती रंगीत टेप, कशाचा किती उपयोग?

अमरावती/अकोला : पहाटे पाच वाजता गावाबाहेरच्या कोणत्याही डांबरी रस्त्यावर जा, पोरी धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. दर्यापूर असो, अंजनगाव असो, मूर्तिजापूर असो की बार्शीटाकळी, हे चित्र आता सगळीकडं सारखंच आहे. माझी मुलगीही त्यातच आहे.

पण महिन्यातले दोन-तीन दिवस ती ग्राउंडवर जात नव्हती. ओटीपोट धरून पडून राहायची. तिच्या सोबतच्या एका पोरीनं गुडघ्याला निळी टेप लावली होती आणि ही टेप पोटाला लावली की पाळीचं दुखणं थांबते, असं मोबाइलवर पाहिल्याचं सांगितलं. हा प्रश्न पोरीनं आईला विचारला आणि आईनं मला. "तुमी बातम्या लिह्यता ना? मंग हे शोधून काढा. पोरगी दर महिन्याले अशीच पडून रायली तं भरती कशी होईन?"

खरं सांगायचं तर या विषयावर लिहायला आधी संकोच वाटला. पण भरतीची तारीख पाळी पाहून येत नाही, बारावीचा पेपरही नाही, आणि निंदणाची मजुरीही घरी बसल्यावर मिळत नाही. म्हणून जी माहिती गोळा केली ती इथं सोप्या भाषेत देत आहे. ताईंनी वाचावी, आणि घरातल्या पुरुषांनीही वाचावी.

आधी थोडक्यात

- पाळीत दुखणं हे नाटक नाही. त्यामागं शरीरातलं खरं कारण आहे.
- नियमित व्यायामानं दुखणं कमी होते. मात्र त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात.
- गरम शेक आणि योग्य वेळी घेतलेली गोळी, हे त्या दिवसाचे खात्रीचे उपाय आहेत.
- रंगीत टेपचा काहींना आधार होतो, पण पुरावा कमी आहे. तो जोडीचा उपाय आहे, मुख्य नाही.
- काही लक्षणं अशी आहेत की घरगुती उपाय बंद करून दवाखान्यातच जायला हवं. ती खाली दिली आहेत.
- फक्त पाळी दुखते म्हणून पिशवी काढून घेणं हा उपाय नाही.

दुखतं कशानं?

गर्भपिशवीच्या आतलं अस्तर दर महिन्याला तयार होते आणि गर्भ राहिला नाही की गळून पडते. तीच पाळी. हे अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होते. त्यामुळं पिशवी आवळते. जोरात आवळली की पिशवीला होणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडते आणि कळ येते. ज्या बाईच्या शरीरात हे रसायन जास्त, तिला दुखणं जास्त. हेच रसायन आतड्यावरही परिणाम करते, म्हणून काहींना त्या दिवशी मळमळ, उलटी, पातळ संडास होते.

हे साधं दुखणं ओळखायची खूण अशी : पाळी पहिल्यांदा सुरू झाल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभरानंतर ते सुरू होते. पाळीच्या काही तास आधी किंवा पाळीसोबतच दुखायला लागते, एक ते तीन दिवस राहते आणि मग आपोआप थांबते. ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात. वय वाढलं किंवा बाळंतपण झालं की बऱ्याच जणींचा त्रास कमी होते.

दुसऱ्या प्रकारचं दुखणं हे एखाद्या आजारामुळं असते. पिशवीत गाठ, पिशवीचं अस्तर बाहेर इतर ठिकाणी वाढणं, पिशवीला सूज, जंतुसंसर्ग अशी त्याची कारणं. काही जणींना तांबी बसवल्यावरही सुरुवातीला दुखणं आणि रक्तस्राव वाढते. आधी कधीच दुखत नव्हतं आणि पंचविशी-तिशीनंतर दुखायला लागलं, किंवा दर महिन्याला वाढतच चाललं, तर या दुसऱ्या प्रकाराचा संशय घ्यावा. त्याला व्यायाम आणि टेप पुरत नाही, तपासणीच लागते.

पाळीच्या आधीचे आठ दिवस

काही बायांना पाळी येण्याच्या पाच-सात दिवस आधीपासून, कधी त्याहूनही आधी, त्रास सुरू होते. छाती जड होणं, पोट फुगणं, डोकं दुखणं, झोप न लागणं, गोडधोड खावंसं वाटणं, उगाच रडू येणं, पोरांवर चिडणं. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सगळं निवळते. घरचे म्हणतात, "हिले काय झालं आज?" आणि तिला स्वतःलाही कळत नाही.

याला डॉक्टर पीएमएस म्हणतात, म्हणजे पाळीपूर्वीची लक्षणं. ओळखायची सोपी रीत म्हणजे वही. कॅलेंडरवर पाळीची तारीख मांडा आणि रोज रात्री एक ओळ लिहा : आज काय दुखलं, मन कसं होतं. सलग दोन महिने लिहिल्यावर चित्र स्पष्ट होते. त्रास दर वेळी पाळीच्या आधीच येतो आणि पाळीनंतर जातो, असं दिसलं तर तो पीएमएस. महिनाभर सारखाच असेल तर कारण वेगळं आहे, ते डॉक्टरांकडं शोधावं लागते. डॉक्टरांकडं जाताना ही वही सोबत न्या, त्यांचंही काम सोपं होते.

थोड्या बायांना हा त्रास इतका तीव्र होते की जगणं नकोसं वाटते, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. त्यावर औषध आहे, बाई बरी होते. असं कोणाच्या बाबतीत दिसलं तर तिला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६. चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येते.

"दिवसभर वावरात वाकतो, अजून व्यायाम कायले?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळाला, आणि प्रश्न बरोबर आहे. निंदण करणारी, कापूस वेचणारी बाई दिवसाला जेवढे कष्ट करते तेवढे जिममध्ये जाणारं माणूस करत नाही.

पण कष्ट आणि व्यायाम यात फरक आहे. निंदणात सहा-सात तास कंबर एकाच बाजूनं वाकलेली असते. वेचणीत कमरेला ओटीचं ओझं असते. डोक्यावर चाऱ्याचा भारा, हंडा. यात तेच ते स्नायू ताणून थकतात आणि बाकीचे आखडतात. आधीच आखडलेल्या कमरेवर पाळीची कळ आली की ती दुप्पट वाटते. व्यायामात उलट आहे : शरीर सगळ्या बाजूनं हलते, श्वास लयीत चालते आणि आखडलेला भाग मोकळा होते.

म्हणून वावरात राबणाऱ्या बाईला धावायची गरज नाही. तिला रात्री झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं कंबर, मांड्या आणि पोट मोकळं करणारे ताण पुरे आहेत. शाळा-कॉलेजात जाणारी, मोबाइल घेऊन बसणारी पोरगी असेल तर तिला मात्र भरभर चालणं, दोरीवरच्या उड्या, सायकल, धावणं असा घाम काढणारा व्यायाम हवा.

व्यायामाचा उपयोग किती, याचं उत्तरही आहे. कोक्रेन ही जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे. तिनं २०१९ साली पाळीचं दुखणं आणि व्यायाम यावरचे १२ अभ्यास तपासले. त्यात मिळून ८५४ बाया होत्या. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं, शंभरपैकी गुण दिले तर साधारण २५ गुणांनी कमी झालं. १० गुणांचा फरक पडला तरी बाईला तो जाणवते, असं डॉक्टर मानतात. अभ्यास लहान होते हे खरं, पण फायदा योगासारख्या हलक्या व्यायामातही दिसला आणि जोराच्या व्यायामातही. म्हणजे जो झेपेल आणि जो रोज होईल तो करा.

व्यायामाला आपल्या भागात परंपरा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झालं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिथल्या खेळाडूंनी आपले देशी खेळ जगाला दाखवले. इतकी वर्षं पोरांना आखाड्यात पाठवणाऱ्या वऱ्हाडानं आता बायकोला, पोरीला व्यायामासाठी रोज अर्धा तास मोकळा करून द्यायला हरकत नसावी.

घरी करायचे सहा प्रकार

चटई किंवा जाड सतरंजी घ्या. पोट रिकामं हवं, जेवून तीन तास झालेले बरे. श्वास कोंडायचा नाही. दुखेल इतकं ताणायचं नाही.

१. मांजरासारखी पाठ (मार्जारासन) : हात आणि गुडघे टेकवून चार पायांवर उभं राहायचं. श्वास घेताना पाठ खाली, मान वर. श्वास सोडताना पाठ वर फुगवायची, मान खाली. सावकाश १० वेळा.

२. गुडघ्यावर बसून पुढं वाकणं (बालासन) : गुडघे दुमडून टाचांवर बसा, पुढं वाकून कपाळ जमिनीला टेकवा, हात समोर लांब. एक-दोन मिनिटं तसंच शांत राहा. पाळीच्या दिवशी बऱ्याच जणींना यात आराम वाटते.

३. फुलपाखरू (बद्धकोनासन) : बसून दोन्ही तळपाय एकमेकांना जोडायचे, पाठ सरळ. गुडघे हलकेच वर-खाली करायचे. एक मिनिट. मांड्यांच्या आतला भाग मोकळा होते.

४. गुडघे पोटाशी (पवनमुक्तासन) : उताणं झोपून आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही गुडघे पोटाशी धरायचे. दर वेळी २० ते ३० सेकंद. पोट फुगलं असेल तर वायू सरते, कंबरही सैल होते.

५. कंबर उचलणं (सेतुबंधासन) : उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीवर. कंबर वर उचलून पाच श्वास थांबा, खाली आणा. ५ ते ८ वेळा. पाळीच्या जोराच्या दिवशी नको वाटलं तर सोडून द्या.

६. नागासारखं वर येणं (भुजंगासन) : पालथं झोपून हातावर जोर देत छाती हलकेच वर. पाच श्वास. ५ वेळा. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईसाठी हा उलटा ताण फार कामाचा.

शेवटी उताणं झोपून पोटावर हात ठेवा आणि पाच मिनिटं लांब श्वास घ्या.

पाळीत व्यायाम करावा का? करता येते. त्यानं पिशवी सरकत नाही, रक्त अडत नाही. ज्या दिवशी जड वाटते त्या दिवशी फक्त चाला आणि वरचे क्रमांक १ ते ४ करा. मात्र पोटात बाळ असेल, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हर्निया किंवा मणक्याच्या गादीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. व्यायाम हा फक्त दुखते त्या दिवशी करायचा नसतो. तो महिनाभर करायचा असतो, फरक दुसऱ्या-तिसऱ्या पाळीला दिसते. पेरलं की दुसऱ्या दिवशी बोंड लागत नाही, तसंच हे.

शेक : सगळ्यात स्वस्त उपाय

गरम पाण्याची रबरी पिशवी कोणत्याही मेडिकलात मिळते. ओटीपोटावर किंवा कमरेवर १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावर सतत हलकी उष्णता देणारी पट्टी ही आयब्रुफेन गोळीच्या बरोबरीनं कामी आली होती.

काळजी एवढीच : पाणी उकळतं नको. पिशवी कापडात गुंडाळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, तिथं सोसलं तरच पोटावर. पिशवी लावून झोपी जाऊ नका. काचेच्या बाटलीत गरम पाणी भरू नका, ती फुटते. तव्यावर गरम केलेलं फडकं लवकर चटका देते, जपून.

गोळी : वेळ चुकली की उपयोग निम्मा

आपल्याकडं दोन टोकं आहेत. एक म्हणजे "गोई खाल्ली तं सवय लागते" म्हणून पोरीला दिवसभर तळमळत ठेवायचं. दुसरं म्हणजे शेजारणीची उरलेली गोळी उचलून खायची. दोन्ही चूक.

पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्रुफेन या गोळ्या देतात. त्या वर सांगितलेलं रसायन शरीरात तयार होऊ देत नाहीत. म्हणून त्या दुखणं सुरू होताच घ्यायच्या असतात. कळा पूर्ण जोरात आल्यावर घेतल्या तर रसायन आधीच तयार झालेलं असते. शेतकऱ्याला हे लवकर कळेल : अळी बोंडात शिरल्यावर फवारा मारून किती उपयोग?

नियम साधे आहेत. डोस डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या. जेवणानंतरच घ्या. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. अशी महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या गोळीची सवय लागत नाही आणि त्यानं पुढं मूल राहायला अडचण येत नाही.

या गोळ्या कोणी घेऊ नयेत? जठरात अल्सर असलेल्यांनी, किडनीचा आजार असलेल्यांनी, दुखण्याच्या गोळीनं दमा उसळणाऱ्यांनी आणि गरोदर बाईनं. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारताच्या औषध आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये एक सूचना काढली होती : क्वचित कोणाला या औषधाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते. गोळी घेतल्यावर पुढच्या काही दिवसांत, कधी काही आठवड्यांनीही, ताप आणि अंगावर पुरळ आलं, गाठी सुजल्या, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. घाबरून औषधच सोडायची गरज नाही, पण हे माहीत असावं.

आता ती रंगीत टेप

या टेपला कायनेसिओ टेप म्हणतात. जपानचे केन्झो कासे यांनी ती १९७० च्या दशकात तयार केली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर दिसली आणि जगभर पसरली. सुती कापडाची, ताणली जाणारी, मागं गोंद असलेली ही पट्टी असते. तिच्यात कोणतंही औषध नसते. निळी, गुलाबी, काळी, रंग कोणताही घ्या, गुण एकच.

काम कसं करते? एक म्हणणं असं की पट्टी त्वचेला हलकेच उचलते, त्यामुळं खालचा रक्तप्रवाह सुधारते. दुसरं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. विंचू चावल्यावर किंवा ठेच लागल्यावर आपण बाजूला चोळतो, त्यानं कळ थोडी कमी वाटते. त्वचेवरच्या सततच्या स्पर्शाची संवेदना मेंदूकडं जाते आणि दुखण्याच्या संवेदनेला थोडी वाट अडवते. टेपचंही तसंच.

पुरावा काय सांगते? कोरिया, स्पेन, तुर्कस्तान या देशांत यावर अभ्यास झाले. कोरियातल्या २०१३ च्या अभ्यासात दोन प्रकारच्या टेप पाळीचं दुखणं आणि पाळीपूर्वीचा त्रास यासाठी तपासल्या होत्या. बऱ्याच अभ्यासांत टेप लावलेल्या बायांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. पण हे अभ्यास अगदी थोड्या बायांवर झालेले आहेत. शिवाय टेप लावली हे त्या बाईला दिसतच असते, त्यामुळं मनाला वाटणारा आराम किती आणि टेपचा खरा गुण किती, हे वेगळं काढणं अवघड जाते. कृषी केंद्रातून टॉनिक आणलं आणि त्याच आठवड्यात पाऊसही पडला, तर पीक कशानं सुधारलं हे जसं सांगता येत नाही, तसं.

म्हणून सल्ला असा : व्यायाम, शेक आणि गोळी सोडून टेपवर पैसे घालू नका. त्यांच्या जोडीला, ज्यांना गोळी चालत नाही किंवा त्या दिवशी पळायचं-काम करायचं आहे, त्यांनी टेप लावून पाहायला हरकत नाही. पाच सेंटिमीटर रुंद, पाच मीटर लांब रोल येते, त्यात बऱ्याच पाळ्या निघतात. मैत्रिणींनी मिळून एक घेतला तरी चालते.

टेप लावायची रीत

शक्य असेल तर पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून लावून घ्या. साधारण रीत अशी :

- पाळी येण्याच्या आदल्या दिवशी किंवा दुखायला लागल्यावर लावतात.
- ओटीपोट आणि कंबर साबणानं धुऊन पूर्ण कोरडी करा. तेल, पावडर नको.
- १५ ते २० सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या कापा. कोपरे गोल कापा, नाहीतर कपड्याला अडकून निघतात.
- पहिली पट्टी बेंबीच्या खालून सरळ खाली. दुसरी तिच्यावर आडवी, बेंबी आणि पाळीची जागा यांच्या मधोमध. तिसरी मागं, कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर आडवी.
- मधला भाग थोडासाच ताणायचा. दोन्ही टोकं न ताणता चिकटवायची. टोकं ताणली की तिथंच फोड येतात.
- लावल्यावर हातानं घासा, उष्णतेनं गोंद पकडते.
- दोन-तीन दिवस ठेवता येते, आंघोळ चालते. नंतर टॉवेलनं फक्त टिपायचं.
- काढताना खोबरेल तेल लावून, केसांच्या दिशेनं, हळूहळू. एका झटक्यात ओढू नका.

लावण्याआधी एक छोटा तुकडा हातावर लावून दिवसभर ठेवा. खाज, लाली आली तर टेप तुमच्यासाठी नाही. जखम, गजकर्ण, पुरळ असलेल्या जागी आणि गरोदरपणी पोटावर लावू नये. एप्रिल-मेच्या अकोल्याच्या उन्हात घामानं टेप सुटते आणि खाजही जास्त येते, तेव्हा शेकच बरा. आणि इलेक्ट्रिकची टेप, पॅकिंगची टेप किंवा जखमेची चिकटपट्टी हा पर्याय नाही. त्यानं चामडी निघते.

"पिशवीच काढून टाक" असं कोणी म्हटलं तर

इथं मला थोडं कडक लिहायचं आहे. दुखण्याचा कंटाळा, मजुरी बुडण्याची भीती आणि चुकीचा सल्ला एकत्र आला की काय होते, ते महाराष्ट्रानं बीड जिल्ह्यात पाहिलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्याचं समोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. त्यात अनेक जणी कमी वयाच्या होत्या. पाळी, पांढरं जाणं, पोटदुखी अशा तक्रारी घेऊन बाई गेली आणि पिशवी काढून आली.

पिशवीसोबत बीजांड काढलं, किंवा पिशवी काढल्यावर बीजांडाचं काम लवकर मंदावलं, तर कमी वयातच पाळी जाण्याचे सगळे त्रास मागं लागतात : हाडं ठिसूळ, अंगातून गरम वाफा, हृदयाचा धोका. काही आजारांत पिशवी काढणं गरजेचं असते, त्याला नाही म्हणायचं नाही. पण कोणी घाईनं सांगितलं तर सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्या, "दुसरा उपाय कोणता?" असं विचारा आणि सरकारी स्त्री रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन आठ दिवस उशिरा झालं तर सहसा बिघडत नाही, पण काढलेली पिशवी परत बसत नाही.

दवाखान्यात कधी जायचं?

- गोळी, शेक, व्यायाम करूनही तीन महिन्यांत फरक नाही, शाळा-काम बुडतंच आहे.
- तासा-तासाला पॅड किंवा कापड भिजते, मोठ्या गाठी पडतात, किंवा आठ दिवसांपेक्षा जास्त अंगावर जाते.
- दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाते, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं.
- ताप, घाण वासाचं पांढरं पाणी आणि ओटीपोटात दुखणं.
- संबंधाच्या वेळी, लघवी-संडासच्या वेळी खोल दुखते.
- चक्कर, धाप, नखं-डोळे पांढरे. रक्त कमी असू शकते, हिमोग्लोबिन तपासा.
- मुलगी पंधरा वर्षांची झाली, पाळी आली नाही, पण दर महिन्याला पोट दुखते. रक्त आत साचत असू शकते. हे लपवू नका.
- लगेच जा : पाळी चुकली आहे आणि एका बाजूला जोराचं दुखून चक्कर येते. गर्भ नळीत राहिला असू शकते, जिवाला धोका असतो. १०८ ला फोन करा.

जायचं कुठं?

सुरुवात गावातल्या आशाताई आणि उपकेंद्रापासून करा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. १० ते १९ वयाच्या मुला-मुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे. त्यातलं 'मैत्री' क्लिनिक सरकारी रुग्णालयांत चालते, तिथं समुपदेशकासोबत मोकळं बोलता येते. मोठ्या तपासणीसाठी अमरावतीला जिल्हा स्त्री रुग्णालय म्हणजे आपलं डफरीन, आणि अकोल्याला जिल्हा स्त्री रुग्णालय म्हणजे लेडी हार्डिंग. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घरबसल्या सल्ला हवा असेल तर १०४ हा आरोग्य सल्ल्याचा मोफत नंबर आहे.

शेवटी, बाप-भावांसाठी

या सगळ्यात आपलं काम फार मोठं नाही. पाणी गरम करून देणं, त्या दिवशी हंडा आपण आणणं, रोजच्या अर्ध्या तासाला "कुठं चालली?" असं न विचारणं, आणि मेडिकलात जाऊन गोळी-पॅड मागताना आवाज खाली न करणं.

आमच्या घरी तीन महिन्यांपासून वही सुरू आहे. रात्री मायलेकी सतरंजीवर सोबतच व्यायाम करतात. टेप एकदा लावून पाहिली, पोरीला बरी वाटली, पण तिचा भरवसा शेकावर आणि वेळेवरच्या गोळीवर जास्त आहे. मागच्या पाळीत पहिल्या दिवशीही ती ग्राउंडवर गेली. धावली नाही, दोन चकरा चालून आली. दुसऱ्या दिवशी धावली.

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. उपयोगी वाटली तर गावातल्या ग्रुपवर पाठवा, पुरुषांच्या ग्रुपवरही.)*